काकूंची रायफल

“काकू, दोन्ही हात पुढे करा. तळव्यांच्या मध्ये एवढंसं भोक ठेवा आणि त्यातून समोरचं घड्याळ बघा,” दुकानदार म्हणाला. “डोळे दोन्ही उघडे. आता घड्याळ न सोडता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा.”

काकूंनी हात आणले. ते येऊन थांबले थेट डाव्या डोळ्यावर.

“परत कर बघू,” शेजारी उभे असलेले काकूंचे यजमान, चष्मेवाले, म्हणाले.

काकूंनी परत केलं. हात पुन्हा डाव्या डोळ्यावर. तिसऱ्या वेळी चष्मेवाल्यांनी स्वतःच त्यांची मनगटं धरून उजवीकडे वळवली, तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, “आता घड्याळच दिसत नाही.”

काउंटरवर पॉइंट बावीस बोअरच्या दोन रायफली मांडून ठेवल्या होत्या. एकीचा दस्ता लाकडी, दुसरीचा धातूचा, आणि दोन्ही उजव्या हाताच्या. निवड तशी घरीच झाली होती. आठवडाभर माहितीपत्रकं वाचून चष्मेवाल्यांनी लाकडी दस्त्याची पसंत केली होती. काकूंनी फक्त खांद्याला लावून हो म्हणायचं बाकी होतं. डोळ्याची परीक्षा दुकानदाराने आपली रीत म्हणून घेतली.

चष्मेवाले हे नाव यजमानांना धंद्यावरून पडलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चष्म्याच्या काचा घासल्या, आणि दर रविवारी नेमबाजीच्या क्लबात नवशिक्यांना शिकवलं. डोळ्यांतलं त्यांना कळतं, यावर अख्ख्या क्लबचा विश्वास. नवा माणूस आला की हीच तळहातांची परीक्षा ते आधी घ्यायचे; हात ज्या डोळ्यावर येऊन थांबतील, तो नेमाचा डोळा. बायकोची तेवढी घ्यायची राहिली. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं त्यांना वाटलं असणार. उजव्या हाताने शिवणारी बाई, उजव्या खांद्याला रायफल, उजवा डोळा. डावा डोळा मध्ये लुडबुडू नये म्हणून टोपीला लावायची पुठ्ठ्याची झडपसुद्धा त्यांनीच कातरून दिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

काकू इस्पितळाच्या शिवणखोलीत होत्या. चादरी, अंगरखे, पडदे यांत तीस वर्षं घालवून त्या गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या, आणि आजवर कशाचाही हट्ट न केलेल्या बाईने एकच हट्ट केला: आता रायफल माझी स्वतःची हवी. क्लबच्या सामाईक तीन नंबरच्या रायफलीवर त्या शंभरात एक्क्याण्णव-ब्याण्णव करत. त्याच्या पुढे गाडी कधी सरकली नाही, पण क्लबच्या संघात चौथी जागा पक्की होती. पुढच्या महिन्यात दुसऱ्या क्लबशी सामना होता.

“काकूंचा डोळा डावा आहे,” दुकानदार म्हणाला. “माझ्याकडे डाव्या हाताची एक आहे. आतून आणतो.”

तो गेला. चष्मेवाले काउंटरकडे बघत राहिले.

“तुला माहीत होतं?”

“सुईत दोरा ओवताना मी कुठला डोळा मिटते, बघितलंय कधी?”

त्यांनी बघितलं नव्हतं. छत्तीस वर्षं ती सुई त्यांच्या हाताच्या अंतरावर ओवली जात होती.

“कधीपासून माहीत होतं?”

“क्लबातल्या दुसऱ्या रविवारपासून.”

“आणि एकोणीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?”

“पहिल्याच दिवशी बारा जणांसमोर तुम्ही म्हणालात, हिचा उजवा डोळा पक्का, मला ठाऊक आहे. मग त्या बारा जणांसमोर तुमचं नाक कापू? म्हटलं, नंतर सांगू. नंतर राहूनच गेलं.”

“गोळी बाहेर गेली की मी तुला श्वासावरून बोलायचो.”

“दर रविवारी.”

“म्हणजे श्वास बरोबर होता.”

“श्वास माझा अगदी छान होता,” काकू म्हणाल्या.

चष्मेवाल्यांना लाज वाटली. ती नुसती रायफलीपुरती नव्हती. ज्या घरात आपण इतकी वर्षं राहिलो तिथे आपण न विचारताच काय काय ठरवून टाकलं असेल, या विचाराने त्यांना एकदम थकल्यासारखं झालं. “आणखी काय काय आहे असं?” त्यांनी विचारलं.

“ती यादी घरी वाचू. इथे आपण रायफल घ्यायला आलोय.”

“अगं, पण निदान घरी तरी सांगायचंस. मी काही खाल्लं नसतं तुला.”

काकूंनी काउंटरवरची नसलेली धूळ बोटाने पुसली. “तुम्ही सगळ्यांच्या मागून फिरायचात. एकाला दोन शब्द, दुसऱ्याला दोन शब्द, की पुढे. माझ्यापाशी मात्र बसायचात. एखादी गोळी नेहमी बाहेर जायची ना, म्हणून. ती आत गेली असती तर बसला असतात?”

चष्मेवाल्यांना खरं उत्तर लगेच कळलं. ते त्यांना आवडलं नाही.

दुकानदाराने तिसरी रायफल आणून ठेवली. हिचा गोळी भरायचा दांडा डाव्या बाजूला, गाल टेकायची उशी उलट्या अंगाला. दुकानदार सरळ माणूस होता. “काकू, उजवी घेतलीत तर पुढचा सामना खेळाल. डावी घेतलीत तर सगळं अंग उलटं शिकवावं लागेल. वर्षभर तरी गुण खाली राहतील. संघातली जागा जाईल. नंतर मात्र कदाचित खूप वर याल. पण नंतर.”

चष्मेवाल्यांना ठाऊक होतं, आपण एक वाक्य बोललो की काम भागेल. ‘या वयात कशाला उलटापालट’, एवढंच. काकू हो म्हणाल्या असत्या, आणि क्लबात कोणाला काही कळलंही नसतं. ते वाक्य त्यांच्या जिभेपर्यंत आलंही होतं.

“तुला कुठली हवी?” त्यांनी विचारलं.

काकूंनी डाव्या हाताची रायफल उचलून टेकूवर ठेवली आणि खांद्याला लावली. टोपी नाही, झडप नाही. नेम धरायच्या मागच्या बारीक भोकातून त्या नळीच्या टोकावरच्या काळ्या कडीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“कडी हलत नाहीये,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मला वाटायचं, ती सगळ्यांचीच जराशी सरकते.” मग रायफल खाली न ठेवताच म्हणाल्या, “मला ही हवी. जागा गेली तर जाऊ दे.”

कागदपत्रं होऊन रायफल हातात यायला तीन आठवडे लागले. त्या रविवारी क्लबला निघताना काकू म्हणाल्या, “कोणी विचारलं तर खांदा दुखतोय म्हणून सांगेन.”

“काही नको,” चष्मेवाले म्हणाले.

क्लबात सहा नवशिके आले होते आणि जुनेही सगळे हजर होते. काकूंनी संघातून आपलं नाव काढायला सांगितलं आणि का काढायचं, असं चिटणीसांनी विचारलं, तेव्हा चष्मेवाले उभे राहिले. त्यांचे कान तापले होते. “एकोणीस वर्षांपूर्वी मी हिचा डोळा तपासला नाही. डोळा डावा, आणि मी शिकवलं उजव्याने. चूक माझी. ती चांगली नेमबाज होती, मी तिला ब्याण्णववर अडकवून ठेवलं.” मग नवशिक्यांकडे वळून ते म्हणाले, “तुमच्यापैकी कोणाला मी सांगतो त्याहून वेगळं दिसत असेल, तर आजच सांगा. माझ्या बायकोइतकं थांबू नका.”

लोक हसले, पण वाईट हसले नाहीत. चिटणीसांनी गुपचूप नाव खोडलं.

काकू अगदी कडेच्या चटईवर, नवशिक्यांच्या जागी, पालथ्या झाल्या. चष्मेवाले स्टूल घेऊन शेजारी बसले आणि लगेच सुरू झाले. “डावा कोपर पुढे. नाही, उजवा. थांब, डावा खांदा—”

“अहो, जरा गप्प बसता?”

ते गप्प बसले. पहिली गोळी पाच गुणांच्या वर्तुळात गेली, दुसरी सातात, तिसरी पुन्हा पाचात. दुर्बिणीतून बघताना त्यांच्या तोंडाशी दहादा काहीतरी आलं आणि दहादा त्यांनी ते गिळलं. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून ते काकूंच्या पाठीकडे बघू लागले. पाठ वर येत होती, खाली जात होती, अर्ध्यावर येऊन थांबत होती. श्वास खरंच छान होता.

दहावी गोळी सुटली. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि तसाच ठेवला.

“कुठे?” मान न वळवता काकूंनी विचारलं.

“मधोमध.”

काकूंनी पुढची गोळी भरली. गाल पुन्हा उशीला टेकवला. पलीकडच्या टोकाला नवशिक्यांचं बरं चाललं होतं. इथेही दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी दुर्बीण बाजूला ठेवली, स्टूल वीतभर जवळ ओढलं आणि ते बसून राहिले.