मुलाखतीच्या खोलीतली टुकटुक

बसताना जरा जपून हं! घाबरू नका, पडणार नाही तुम्ही. आजवर एकही विद्यार्थी माझ्यावरून पडलेला नाही. पण हे वाक्य म्हणायची मला इतकी सवय झाली आहे की आता गरज नसली तरी तोंडून निघतं. गरज का नाही, तेच तर सांगायचंय. केव्हाचं सांगायचंय, पोटात मावत नाहीये!

मी खुर्ची बोलतेय. विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे एक लांबट खोली आहे. दारावर पाटी आहे, 'करिअर मार्गदर्शन व नोकरी सल्ला'. आत एक टेबल. टेबलापलीकडे सल्लागार मॅडमची खुर्ची आणि अलीकडे मी, म्हणजे विद्यार्थ्याची खुर्ची. खुर्चीसाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात असं ऐकलंय. माझ्यावर बसायची वेळ आली की मात्र प्रत्येक जण दाराबाहेर दुसऱ्याला म्हणतो, "आधी तू जा ना!"

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आम्ही साठ बहिणी एकाच दिवशी तयार झालो. लोखंडी नळीचे चार पाय, प्रत्येक पायात काळा रबरी बूट, वर गुळगुळीत फळी. पहिली काही वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये काढली. तिथे कोणीतरी माझ्या पाठीवर पेन्सिलीनं एक सूत्र लिहून ठेवलं होतं. मागे बसणारा दर परीक्षेला ते बघून भराभर उतरवायचा. सूत्र चुकीचं होतं. ते मला सांगता आलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

एकदा हॉल रिकामा करताना मला फरफटत नेलं आणि मागच्या डाव्या पायातला बूट कुठेतरी गळून पडला. मी लंगडी झाले. लंगडी खुर्ची कोणाला हवी? रवानगी झाली अडगळीत. तिथून मला मॅडमनी काढलं. त्यांनी मला दोन्ही हातांनी हलवलं. टुक. पुन्हा हलवलं. टुक. "हीच हवी," त्या म्हणाल्या आणि शिपाईकाका डोळे विस्फारून बघतच राहिले.

कारण पुढे कळलं. मॅडम समोरच्याकडे रोखून बघत नाहीत, नाहीतर मुलं आणखीच बावरतात. त्या खाली बायोडेटा वाचत बसतात आणि कान माझ्याकडे ठेवतात. मनातून हललेलं माणूस खुर्चीतही हलतं, आणि मी वाजते.

एकदा एक उंच मुलगा ऐटीत म्हणाला, "मला सगळ्यांबरोबर मिळून काम करायला फार आवडतं." टुकटुकटुक!

मॅडमनी मान वर न करता विचारलं, "खरंच?"

"नाही हो मॅडम. मला एकट्याला बसून काम करायला आवडतं. पण तसं लिहिलं तर घेतात का?"

"तसं काम शोधू की मग. खोटं कशाला?" मॅडम म्हणाल्या आणि मी एकदम शांत झाले. म्हणजे, तो शांत झाला.

काय काय पाहिलंय मी! सगळ्यांचे छंद वाचन, संगीत आणि प्रवास. सगळेच मेहनती, सगळेच प्रामाणिक. एकानं तर आपल्या सीनियरचा बायोडेटा जसाच्या तसा उतरवला आणि खालचा फोन नंबर बदलायचा विसरला. कंपनीनं फोन केला तो सीनियरला. तो बिचारा म्हणाला, "अहो, मी तुमच्याकडेच तिसऱ्या मजल्यावर काम करतो!"

शिपाईकाकांना माझी टुकटुक मुळीच खपायची नाही. रोज सकाळी ते वाया गेलेल्या बायोडेटाची घडी करून माझ्या पायाखाली सारायचे. मॅडम आल्या की चपलेच्या टोकानं ती काढायच्या.

"अहो मॅडम, इथे मुलांना पायावर उभं करतात आणि खुर्ची लंगडी! लोक हसतील."

"हसू द्या काका. ती माझं अर्धं काम करते."

खऱ्या मुलाखतीच्या दिवशी मात्र घडी राहायची. तेवढी दया मॅडमच्या मनात होती.

मग आली हळूबाई. फार हळू बोलते म्हणून हे नाव तिच्या मैत्रिणींनी ठेवलेलं. यंत्रांचं शिक्षण घेत होती, शेवटच्या वर्षाला. बाहेर जाऊन दिलेल्या तीन कंपन्यांच्या मुलाखतींत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर तिचं तोंडच उघडलं नव्हतं. दाराबाहेर तिचा फोन चालायचा, तो मला ऐकू यायचा.

"हो बाबा... नाही अजून... हो, आत्याला नका ना सांगू इतक्यात."

बाबांनी मुदत दिली होती. महिनाअखेरपर्यंत काही झालं नाही, तर आत्याच्या ओळखीनं कुठल्याशा कचेरीत फायली लावायचं काम. आणि हिला यंत्रांशिवाय काही सुचत नव्हतं! आता एकच कंपनी यायची राहिली होती. ती दवाखान्यातल्या खाटा आणि चाकाच्या खुर्च्या बनवणारी. ऐकून मी मनातल्या मनात उडालेच. ही तर माझ्या भावकीतली!

हळूबाई सरावाला आली, माझ्यावर बसली, आणि काय सांगू, मी वाजलेच नाही! अर्धा तास गेला. एक टुक नाही. तिच्या तोंडातूनही शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मॅडम गोंधळल्या. त्यांनी वहीत लिहिलं, 'कडेला अवघडून बसते. भीती नाही. उत्साहही नाही.'

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "मॅडम, चुकताय तुम्ही!" कारण तिच्या तळहातांचा घाम माझ्या फळीला लागत होता.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे मुलाखतीच्या आदल्या दिवशी, मॅडमचा तोल सुटला. पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "खरं सांग, तुला ही नोकरी हवी आहे का? नको असेल तर नको म्हण. इतकी मुलं या खुर्चीत बसली, सगळी घाबरली. तुला साधी भीतीसुद्धा वाटत नाही?"

मग अगदी बारीक आवाजात, "वाटते."

"मग कळत कशी नाही?"

"मी... मी उजवीकडे सरकून बसते ना."

"म्हणजे?"

"हिचा मागचा डावा पाय आखूड आहे. पुढे आणि उजवीकडे भार दिला की ही तीन पायांवर उभी राहते. मग वाजत नाही. वाजली की मला आणखी भीती वाटते, म्हणून."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "हे तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. बसल्या बसल्या."

आणि मग नळाला पाणी यावं तशी ती बोलायला लागली. पाय मुळात आखूड नाहीये, त्यातला रबरी बूट गेलाय. किती जाडीचा असेल, ते बाकीच्या तीन बुटांवरून कळतं. तो नसल्यानं नळीची कड जमिनीवर घासते आणि तिथे फरशीवर चंद्रकोरीसारखा ओरखडा पडलाय. बोलता बोलता ती गुडघ्यांवर बसली आणि मला आडवी करून बोटानं दाखवायला लागली. इतक्या वर्षांत माझ्या तळपायाकडे प्रेमानं बघणारी ती पहिलीच!

मॅडम ऐकत राहिल्या. मग त्यांनी वहीतली ती ओळ खोडली. दोनदा खोडली.

"अगं, तीन दिवस मी तुला दगड समजत होते," त्या म्हणाल्या. "चूक माझी. आता ऐक. स्वतःबद्दल बोलता येत नाही ना? नको बोलूस. जे बघून तुझी जीभ मोकळी होते, तिथून सुरू कर. तू त्यातूनच दिसशील."

दुसऱ्या दिवशी खोलीत नुसती धांदल! काकांनी माझ्या पायाखाली चांगली दुहेरी घडी घातली आणि मला दोनदा पुसलं. टेबलापलीकडे दोघे बसले. एक पिकल्या मिशांचे इंजिनिअर आणि एक नेटक्या बाई, ज्यांच्या हातात सगळ्यांची यादी होती. मॅडम बाहेर गेल्या. मुलं येत होती, जात होती. मी गप्प, शहाण्यासारखी.

हळूबाईच्या आधीचा मुलगा उठताना मला धाडकन मागे रेटून गेला. घडी जागच्या जागी राहिली आणि मी मागे सरकले. झालं! मी पुन्हा लंगडी.

दार उघडलं. हळूबाई आत आली. तिनं आधी फरशीवरची घडी पाहिली, मग मला पाहिलं. आणि बसली. पुढे, उजवीकडे.

"या. स्वतःबद्दल सांगा," बाई म्हणाल्या.

घड्याळ चाललंय, पंखा चाललाय. हिचं तोंड बंद. बाईंनी यादीत तिच्या नावापुढे पेन टेकवलं. इंजिनिअरसाहेबांनी जांभई दाबली. माझ्या फळीला पुन्हा तोच ओला तळहात. बोल ग, बोल! माझे चारही पाय, म्हणजे तीन पाय, थरथरत होते. तिला गप्प बसवायला इतके दिवस मीच मदत केली की काय, असं वाटून मला अगदी रडू येत होतं.

आणि तेवढ्यात तिनं भार बदलला. मुद्दाम. माझ्या मागच्या डाव्या पायावर.

टुक!

दोघांनी दचकून वर पाहिलं.

"ऐकलंत?" हळूबाई म्हणाली. आवाज कापत होता, पण होता! "ही खुर्ची लंगडी आहे. मी तिच्यावर आज चौथ्यांदा बसतेय. मी काय काम करते, ते हिच्यावरूनच सांगू का?"

साहेबांची मिशी हलली. "सांगा की."

तिनं सांगितलं. साहेब पुढे झुकले. "बरं, मग काय कराल? हा पाय वाढवणार की बाकीचे तीन कापणार?"

"आधी जमीन तपासणार, सर. उगाच खुर्चीला दोष कशाला?" तिनं उठून मला वळवलं आणि दुसऱ्या फरशीवर ठेवून दाबलं. टुक. "आता म्हणता येईल, दोष हिच्यातच आहे. पण पाय धड आहे. फक्त बूट हवा."

"आणि खुर्चीऐवजी खाट असेल? वर पेशंट झोपलेला असेल तर?"

हळूबाईनं माझ्या फळीवर तळहात टेकवला.

"तर आधी त्याला विचारीन, कोणत्या कुशीवर झोपलं की बरं वाटतं. माणूस खाटेची खोड लपवून झोपतो, सर. आवाज येत नाही म्हणजे खाट चांगली आहे, असं नसतं."

साहेब उठले आणि टेबलाला वळसा घालून चक्क माझ्याजवळ गुडघे टेकून बसले!

"सर, बाहेर अजून सहा जण आहेत," बाई म्हणाल्या.

"असू द्या हो, आलोच," साहेब माझ्या पायाखालून म्हणाले.

निकाल संध्याकाळी दारावर लागला. चौघांची नावं होती. काकांनीच आधी वाचली आणि चष्मा हातात घेऊन धावत आत आले, "मॅडम! आपली हळूबाई! तिसरी!" दाराबाहेरचा फोन त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्या आवाजात ऐकला. "बाबा! आत्याला सांगा. हो, आत्ताच सांगा!" मग तिकडून बाबा काय बोलले कोण जाणे, ही हसत होती आणि डोळे पुसत होती.

आठवड्यानं ती पुन्हा आली. मुठीत एक नवा कोरा काळा रबरी बूट.

"मॅडम, हिच्यासाठी आणलाय. पण घालू का? तुम्हाला तिची टुकटुक लागते ना?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घाल. टुकटुकीवर भरवसा ठेवून मी विचारायचंच विसरले होते. आता मुलांना तोंडानं विचारीन."

"घाल घाल, लवकर घाल!" काका म्हणाले. "त्यांचं मन बदलेल!"

तिनं मला उलटी केली, बूट बसवला, तळहातानं ठोकला. मग मला सरळ उभी करून माझ्यावर बसली. आधी सवयीनं पुढे, उजवीकडे. मग हळूहळू मागे सरकली आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीला पाठ टेकवली. मी वाजले नाही. चारही पायांवर उभं राहणं कसं असतं, हे मी विसरूनच गेले होते.

आता माझा आवाज गेलाय. कधीकधी चुकल्यासारखं होतं, नाही असं नाही. पण बाहेर पावलं वाजताहेत, कुजबुज ऐकू येतेय, "आधी तू जा ना!" आणि माझा जीव पुन्हा वरखाली व्हायला लागलाय. पोरांनो, या. कुठेही भार द्या, मी हलणार नाही. फक्त एक करा. तुमची भीती आता मला सांगता येत नाही. ती तुम्हीच सांगा.

मॅडम विचारणार आहेत. या, बसा.