नवसाची सायकल

मी वासुदेवरावांची सायकल बोलते आहे. ऐकणाऱ्याने घाई करू नये; मीही कधी केलेली नाही. वर्ध्याच्या रामनगरातून सरकारी कचेरीपर्यंत सव्वातीन किलोमीटर आणि तेवढेच परत, एवढे माझे जग होते. त्या जगात मी चोवीस वर्षे नीतीने फिरले.

माझा जन्म दूर कुठल्याशा कारखान्यात झाला. मला तो आठवत नाही, आणि न आठवणाऱ्या गोष्टींवर बोलणे मी योग्य समजत नाही. आठवते ते दुकान. गिऱ्हाईक येते, घंटी वाजवते, हसते. वासुदेवरावांनी घंटीला हात लावला नाही. त्यांनी माझे मडगार्ड दाबून पाहिले आणि विचारले, "पक्के आहेत ना?" पांढरा सदरा घालून कचेरीत जाणाऱ्या त्या कारकुनाला चिखलाचा एक थेंबही खपत नसे. थेंब उडाला नाही, याचे श्रेय त्यांनी नेहमी स्वतःच्या शिस्तीला दिले. मडगार्डांना कधी नाही.

माझे मालक कडक होते. उशिरा येणाऱ्याला ते घड्याळ दाखवीत, आणि शब्द देऊन मोडणाऱ्याला तोंड दाखवू देत नसत. फक्त एक दिलेला शब्द त्यांनी स्वतः नऊ वर्षे पाळला नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचे, भागीरथाबाईंचे, मोठे ऑपरेशन झाले. दवाखान्याच्या आवारात, माझ्या हॅन्डलवर हात ठेवून, वासुदेवरावांनी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या फरीद बाबांना नवस केला : "ही बरी झाली, तर या सायकलवर तुमच्या दर्शनाला येईन." बाई बऱ्या झाल्या. मग ऊन आले, पाऊस आला, कचेरीची तपासणी आली, गुडघा आला. मध्ये एकदा ते घरी न सांगता एस.टी.ने जाऊन नमस्कार करून आले आणि नवस फेडल्यासारखा चेहरा करून बसले.

खिशात तिकीट सापडताच भागीरथाबाईंनी तो चेहरा फार वेळ टिकू दिला नाही. "सायकल कोठी होती हो तुमची? डिक्कीत?" त्या म्हणाल्या. "कचेरीत लोकायले शिकवता, अन् बाबाले रजेचा अर्ज टाकून राह्यले!"

यंदा ते निवृत्त झाले. सबबी संपल्या. बाईंनी होकार दिला, पण एका अटीवर. "मोठ्या रोडनं जायाचं नाई. ट्रकवाले काई पायत नाई. खेड्याखेड्यानं, पांदणीनं जाजा."

पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. मी कचेरीची सायकल. खडी, धूळ, नाले, चढ यांची नावेही मला ठाऊक नव्हती. म्हणून मला श्रावणच्या टपरीवर नेण्यात आले. श्रावण पन्नाशीचा मिस्त्री. बोलतो फार, पण हात खरा.

तीन दिवस त्याने मला मोडले आणि घडवले. माझे बारीक टायर गेले, खाचांचे रुंद टायर आले. सळीचे जुने ब्रेक गेले, तारेचे आले. मागचे दातेरी चाक मोठे बसवले, म्हणजे चढावर पाय हलके पडतील. चेनकव्हर उतरले. दांड्याखाली पिशवी आली, पाण्याच्या दोन बाटल्यांना कड्या आल्या. खरे सांगते, त्या वयात मला नवे कपडे शोभत नव्हते. तरी मी टपरीच्या काचेत दोनदा पाहून घेतले. गर्व हा लोखंडालाही होतो.

"आता हे मडगार्ड काढतो," श्रावण म्हणाला.

"मडगार्डला हात लावायचा नाही."

"बाबूजी, काळी माती हाय तिकडं. टायर जाड झाले. पाणी पडलं तं चाक धरते."

"मडगार्डशिवाय सायकल म्हणजे टोपीशिवाय शिपाई. राहू दे."

श्रावणने माझ्याकडे पाहिले. मी काय करणार? टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट उरली, आणि विषय संपला. मग मालकांनी सामान आणले : इस्त्रीचे दोन सदरे, छत्री, पोथी, तांब्या, अडकित्ता, सतरंजी, भाकऱ्या आणि जवसाच्या चटणीची बरणी.

"गिरडले चालले का बिऱ्हाड हलवून राह्यले?" श्रावणने विचारले. तांब्या आणि सतरंजी परत गेली. अडकित्ता गेला नाही.

कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही निघालो. अल्लीपूरपर्यंत गावरस्त्याने सुखाने गेलो. कापूस फुटला होता. मुक्काम हिंगणघाटला एका जुन्या सहकाऱ्याकडे झाला. नाल्यातले गोटे मी पार केले, खडीवर घसरले नाही. चढावर मालक मला हाताने ढकलीत. पायी चालणे नवसात बसते, असा त्यांचा निर्णय होता. दुसऱ्याच्या वाहनात बसून जाणे बसत नाही. कारकून माणूस. नियम आधी स्पष्ट करून घेतला.

दुसऱ्या दिवशी समुद्रपूर सोडले आणि पांदणीला लागलो. आदल्या रात्री त्या भागात पाऊस झाला होता. काळी माती लोण्यासारखी दिसते आणि सिमेंटासारखी वागते. चाकांचे वीस फेरे झाले नसतील. माती टायरला चिकटली, टायरवरची मडगार्डमध्ये ठासली, आणि माझी दोन्ही चाके थांबली. मालकांनी काडीने माती काढली. दहा पावले गेलो. पुन्हा थांबलो. पुन्हा काडी. तासाभरात आम्ही एक शेत ओलांडले. शेवटी त्यांनी मला खांद्यावर घेतले. चोवीस वर्षे मी त्यांना वाहिले होते. पण त्या प्रसंगी मला न्याय झाल्याच्या समाधानापेक्षा लाज अधिक वाटली.

बाभळीपाशी पांदण डांबरी रस्त्याला मिळाली. तिथेच हिरालाल नावाच्या माणसाचा रिकामा टेम्पो येऊन थांबला.

"काय बाबूजी, सायकल तुमच्यावर बसली का?"

वासुदेवराव हसले नाहीत. हिरालाल खाली उतरला. "मी गिरडकडंच चाललो. पायथ्याशी सोडतो. टेकडी मंग आरामात चढजा. कोन पायते?"

माझ्या मालकांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. खरोखर कोणी पाहत नव्हते. "चाके साफ होईपर्यंत," ते म्हणाले, आणि आम्ही टेम्पोत चढलो. मीही दोषी आहे. वर चढताना मला सुख झाले. वारा लागला, आणि मातीचे गोळे आपोआप वाळून पडू लागले.

हिरालालला गप्प बसवत नव्हते. "नवस कायचा होता?"

"पत्नीचे ऑपरेशन होते."

"मंग? बाई बरी हाय ना आता?"

"पूर्ण बरी आहे."

"वा!" हिरालाल मनापासून म्हणाला. "बाबानं अर्ध्यात नाई सोडलं, हे लय झालं."

तो माणूस टोमणा मारत नव्हता. म्हणूनच ते बोलणे लागले. वासुदेवरावांनी हात वर केला. मग म्हणाले, "थांबवा."

"आता? आता तं रोड लय चांगला लागला!"

"बाभळीपासून किती आलो?"

"आठ किलोमीटर असन."

"उतरवा सायकल. मी परत जातो."

"कोठी?"

"बाभळीपर्यंत. तिथून पुन्हा येतो."

हिरालालने कपाळाला हात लावला. "बाबूजी, इथूनच चालू करा ना! पुढचे करा दोन येळा, पायजे तं!"

"पुढचे मी चुकवलेले नाहीत."

टेम्पोमागे बसून त्यांनी टेम्पोतल्या पान्याने माझे दोन्ही मडगार्ड स्वतःच्या हाताने काढले आणि हिरालालच्या हाती दिले. त्याने ते नारळ घ्यावे तसे दोन्ही हातांत घेतले. आणि आम्ही उलटे फिरलो.

ते आठ किलोमीटर माझ्या आयुष्यातले सर्वांत विचित्र होते. गिरड पाठीमागे, आणि आम्ही तिकडेच जाण्यासाठी वर्ध्याकडे चाललेलो. शेतातल्या एका बाईने विचारले, "वाट चुकले का हो भाऊ?" मालक म्हणाले, "होय. तीच दुरुस्त करतो आहे." बाभळीशी ते उतरले, मला वळवले, पाऊल टेकवले आणि पुन्हा निघाले. रस्ता अजून ओला होता. माझ्या उघड्या चाकांनी त्यांच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ ओढली. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

सूर्य कलला तेव्हा आम्ही टेकडीवर होतो. मला बाहेर उभे करून ते अनवाणी आत गेले. आत काय बोलले ते मला ठाऊक नाही. ते माझे कामही नाही. बाहेर आले तेव्हा हातात रेवड्या होत्या. मग त्यांनी माझ्याशेजारी उभे राहून स्पीकरवर घरी फोन लावला.

"भागीरथा, पोहोचलो. पण आठ किलोमीटर टेम्पोत बसलो होतो."

"मंग?"

"मंग वापस गेलो. बाभळीपासून पुन्हा सायकलने आलो." घाईत आणि थकव्यात त्यांची कचेरीची भाषा सुटली होती.

"जेवले का?"

"नाही."

"आधी जेवा. टेम्पोचं मले नसतं सांगतलं तं चालत होतं. मले तं तुमी बसच्या वक्ती बी काई सांगतलं नव्हतं." मग आवाज हलका झाला. "अन् ऐका. येताना बी सायकलनंच येजा. मी वाट पाहून राह्यली."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि बराच वेळ एक रेवडी तोंडात घोळवत बसले.

मालक मला चालवीतच परत आले; आता मी रामनगरातल्या अंगणात उभी आहे. पाठीला थोडा पोक आला आहे, पण टायर शाबूत आहेत. भागीरथाबाईंनी श्रावणला स्वतःसाठीही एक सायकल पाहायला सांगितले आहे. वासुदेवराव विरोध करीत आहेत, आणि हरत आहेत.

वाचकहो, मला सहसा कोणी बोलू देत नाही, म्हणून एक सांगून थांबते. तुमच्याही अंगणात माझी एखादी बहीण धूळ खात उभी असेल. तिला नवे टायर लावा, न लावा. तिच्यावर बसून जिथे जायचे कबूल केले आहे, तिथे जा. आणि वाटेत कुणाच्या टेम्पोत बसलाच, तर लाजून तसेच पुढे जाऊ नका. उतरा. परत जाऊन पुन्हा निघणाऱ्याला उशीर होतो. पण तो पोहोचतो.