चार नंबरची कुपी

आमच्या प्रयोगशाळेत कोरी लाळ लागते, तेव्हा ती आम्ही सहा जणच देतो. कोरी म्हणजे जिच्यात औषधाचा मागमूसही नाही अशी. "आता लाळघोटे कोण ते कळेल," असं दरवेळी कोणीतरी म्हणतंच. कुपीवर फक्त नंबर असतो आणि कोणता नंबर कुणाचा, हे ज्याचं त्याला ठाऊक. चार नंबर माझा.

फॉर्मवर 'कोणतं औषध चालू आहे का?' यापुढे मी 'नाही' लिहिलं होतं. साफ खोटं. सात महिने मी रोज रात्री उदासपणावरची अर्धी गोळी घेत होते. नवऱ्याला माहीत होतं, पण त्याची नोकरी परगावी. बाकी कुणाला पत्ता नव्हता. पाकीट स्वेटरच्या कप्प्यात. आणि नेमकं तेच औषध लाळेतून वेगळं काढणारी चिप मुंगी बनवत होती. मुंगी म्हणजे आमची इंजिनीअर. चण लहान आणि हात सतत चालू, म्हणून मुंगी.

लाळ द्यायला नाही म्हटलं असतं, तर का म्हणून सगळ्यांनी विचारलं असतं. शिवाय औषध मोजायचं हे काम बारा वर्षं मी नळीभर रक्त घेऊन करत आले आहे. मुंगीच्या बोटभर काचेत केसाहून बारीक वाटा. त्यांतून लाळेचा थेंब ढकलायचा, वाटेतल्या कणांनी औषध तेवढं धरून ठेवायचं, मग ते सोडवून मोजायचं. ऐकायला छान. पण थेंबभर लाळेत माझी अर्धी गोळी सापडेल, यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

सापडली. पडद्यावर पाच कुप्यांची रेघ सपाट आली आणि माझ्या रेघेत मधोमध टेकाड. मुंगीने नवी कोरी चिप घेतली, तरी तेच. आणखी एक घेतली, पुन्हा तेच.

"औषध नाही तिथे ही औषध दाखवते," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नाहीत. "मग पेशंटच्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा? तीन वर्षं झाली. दुपारच्या मीटिंगमध्ये मी हे थांबवायला सांगणार."

मुंगी एकेक चिप कापसात गुंडाळून ठेवू लागली. मी मूग गिळून बसले होते आणि मला स्वतःचाच संताप येत होता. गप्प राहिले असते तर माझं काहीच बिघडणार नव्हतं. हीच तर भानगड होती.

"चिप बरोबर आहे," मी म्हणाले. "चार नंबर माझा. मी गोळी घेते. सात महिने झाले."

मॅडमनी पेन काढलं.

"किती?"

"पाच मिलीग्रॅम. रात्री साडेनऊला."

त्यांनी कागदावर आकडे मांडले, मुंगीच्या आकड्याशी ताडून पाहिले आणि कागद तिच्याकडे सरकवला. "जुळतंय. मीटिंगचं मी बघते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फॉर्मबद्दल उद्या बोलू." मुंगीने जाता जाता माझा खांदा दाबला. एवढ्याशा हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई टेबलावर आठवड्याच्या गोळ्या सात कप्प्यांच्या डबीत भरत होत्या. रक्तदाब, साखर, गुडघे, सगळा उघडा कारभार. मी कपाटातून पाकीट आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे माझं, आई. मन थाऱ्यावर राहावं म्हणून डॉक्टरांनी दिलंय."

त्यांनी चष्मा लावला आणि पाकीट उलटसुलट करून वाचलं.

"कधीपासून?"

"सात महिने."

"अगं, माझ्या गोळ्यांची आठवण रोज तू करून देतेस," त्या म्हणाल्या. "तुझ्या गोळीची कोण करून देतं?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी कुणासमोर रडले.

साडेनऊला त्यांनी पाण्याचे दोन पेले भरून ठेवले.