नापास खोल्या

लिफ्ट इन्स्पेक्टरने नळ सोडला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बादली भरायला किती मिनिटं लागली ते फॉर्मवर लिहून घेतलं. मग फ्लश ओढला, खिडकी तीनदा उघडून लावली, भिंतीला कान लावून शेजारी कोण किती जोरात बोलतं तेही ऐकलं. खोली दाखवणारी बाई हाताची घडी घालून दारात उभी होती. पोपडे दोन ठिकाणी, असं म्हणत त्याने फॉर्म तिच्यापुढे सहीला धरला, तेव्हा तिने त्याला सरळ जिना दाखवला. ही आठवी खोली.

अठ्ठावीस वर्षं लिफ्टमधले दोष शोधल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? दोष सापडला नाही तर त्याला जेवण जात नसे. त्यात ही भाड्याची जागा, तीही अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायची. ऑफिसात ज्याने त्याने आपापली फजिती सांगून त्याला घाबरवून सोडलं होतं. कुणाचा एजंट आगाऊ भाडं घेऊन पसार झालेला, तर कुणाच्या गळ्यात खोलीबरोबर घरमालकाचा कुत्राही पडलेला. म्हणून त्याने लिफ्टच्याच फॉर्मच्या पाठीवर बावीस मुद्दे काढले आणि खोल्या नापास करत सुटला.

पण महिना संपायला पाचच दिवस उरले होते. सव्वीस वर्षं तो दादा-वहिनींच्या घरात मागच्या खोलीत राहत होता. त्याचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आता पुतण्याचं लग्न पुढच्या महिन्यात ठरलं होतं आणि घरात ही एक खोली सोडली तर जागाच नव्हती. कुणी चकार शब्द काढला नव्हता. वहिनी मात्र हल्ली जरा जास्तच आग्रहाने वाढायला लागली होती, आणि त्या आग्रहाचीच त्याला धास्ती वाटायची. कुणी जा म्हणायच्या आत आपण निघायचं, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

नवव्या जागेत दोघं राहत होते. एक बेकरीतला भट्टीवाला आणि दुसरे शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. इन्स्पेक्टरने खिशातून फॉर्म काढला, तर मास्तरांनीही खणातून वही काढली. आधीच्या भाडेकरूने त्यांना चांगलाच इंगा दाखवला होता. पठ्ठ्या आंघोळीला दीड तास लावायचा, आणि जाताना किल्ल्यांसकट गेला. इन्स्पेक्टर नळापाशी पोचायच्या आत त्याचीच तपासणी सुरू झाली. घोरता का, भांडी लगेच घासता की दुसऱ्या दिवशी, राग आला की बोलता की फुगून बसता. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच लिफ्ट झाला होता, आणि बापड्याला घाम फुटला.

"आधीच्या जागी किती वर्षं?" मास्तरांनी विचारलं.

"सव्वीस."

"मग सोडताय कशाला?"

त्याने एखादी थाप शोधून पाहिली. सापडली नाही.

"तिथे मला कुणी जा म्हणणार नाही," तो म्हणाला. "जन्मभर अडचणीत राहतील, पण म्हणणार नाहीत."

मास्तरांनी वही मिटली. भट्टीवाला उठला आणि खोलीची नवी करून घेतलेली किल्ली शोधू लागला.

घरी ही बातमी सांगितल्यावर दादाने जेवता जेवता ताट बाजूला सारलं. कुणी काही बोललं का, म्हणून त्याने बायकोकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

"कोणी सांगितलं तुला जायला?"

"कोणी नाही. म्हणून तर चाललोय."

वहिनी स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

रविवारी सामान पोचवायला दादा हट्टाने बरोबर आला. आल्या आल्या त्याने नळ सोडला. पाणी कमी येतं म्हणाला. खिडकी खडखडते, गादी टणक आहे, उजेडाच्या नावाने बोंब आहे. दर दोषामागे तो "चल घरी" म्हणायचा आणि इन्स्पेक्टर "चालतं रे दादा" म्हणत कपडे लावत राहायचा.

शेवटी दादाकडचे दोष संपले. दाराशी जाऊन त्याने भट्टीवाल्याला हळूच बाजूला घेतलं.

"एका हाकेत उठत नाही तो," दादा खाली बघत म्हणाला. "दोनदा मारावी लागते. दुसरी जरा हळू मारा, दचकतो."

भट्टीवाल्याने मान हलवली. आत कपाटापाशी इन्स्पेक्टरला सगळं ऐकू आलं. दादा जिना उतरून जाईपर्यंत तो हातात शर्ट धरून तसाच उभा राहिला.