नॉर्बच्या तोंडी न येणारं नाव

अमेरिकेतल्या बफेलोत उन्हाळा सरत आला, की कॅझिमिरच्या गॅरेजमधली गाडी बाहेर निघते आणि लांब टेबल आत येतं. भोवती आठ खुर्च्या. प्रत्येकाने पाळीपाळीने चेंडू हातात घेऊन पळायच्या तिथल्या फुटबॉलचे देशभरातले खरे खेळाडू उचलून आपली कागदावरची टीम बांधायची. मग ते दर रविवारी मैदानात जे दिवे लावतील, त्याचे गुण आपल्याला. एक खेळाडू एकाचाच. आणि लागोपाठ तीन वर्षं तळाला राहील त्याने खुर्ची सोडायची.

नॉर्ब दोन वर्षं तळाला होता. राहणारच! गावच्या टीमचा पोरगा दिसला की हा उचलणार, मग तो लंगडत का असेना. जित्याची खोड. पण बायको गेल्यापासून हे टेबल हेच त्याचं गणगोत होतं. खुर्ची गेली तर अख्खा हिवाळा भिंतीकडे बघत काढावा लागला असता.

यंदा चिठ्ठीत पहिली निवड त्याचीच निघाली. दुसरी कॅझिमिरची.

“ब्रॅक्स्टनला उचल, पप्पा,” मुलगी मार्लिसने फोनवरून बजावलं होतं. “त्याच्यासारखा पळणारा दुसरा नाही.”

“त्या मेल्याचं नाव काढू नकोस!”

ब्रॅक्स्टन शत्रूच्या टीमचा. गेल्या जानेवारीत भर बर्फात, सामना गावच्या टीमच्या हातात आलेला असताना, त्याने एकट्याने सगळं मैदान कापलं होतं. नॉर्बने तिथेच स्टेडियमात शपथ घेतली होती, की याचं नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही.

आत्ताही टेबलावर तोच विषय. समोरच्या खुर्चीतल्या डेल्बर्टने कोंबडीच्या चघळलेल्या हाडांची रांग मांडली. “आपले सगळे इथे, डावीकडे धावले. आणि तो बघ, उजवीकडून सटकला!”

“पुरे कर रे, खाल्लेलं अंगाला लागू दे,” कॅझिमिर म्हणाला. “त्यापेक्षा आपल्या तरुणपणी गावच्या टीमला सामना जिंकून देणारी ती फेक आठव. हा नॉर्ब्या आनंदाने माझ्या टोपीत रडला होता.”

“घाम होता तो!” नॉर्ब म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले.

मग घड्याळ लावलं. उठून उभं राहायचं, नाव मोठ्याने घ्यायचं. वेळेत नाही घेतलं तर पाळी फेरीच्या शेवटी. नॉर्ब उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. नाव काही फुटेना.

“बोल की रे! मूग गिळलेस काय?” डेल्बर्टने डिवचलं.

काटा सरकत होता. नॉर्ब गप्प राहिला तर ब्रॅक्स्टन आयता कॅझिमिरच्या पदरात पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

तेवढ्यात कॅझिमिरच उठला. “ब्रॅक्स्टन! नॉर्बच्या नावावर. लिहा.”

“अरे, असं कुठे चालतं का?” डेल्बर्ट ओरडला.

“गॅरेज माझं आहे. चालतं.”

नॉर्ब मटकन खाली बसला. “येड्या, तुला फुकटात मिळत होता की तो.”

“मिळत होता. आणि मग रविवारी भांडू कुणाशी? या डेल्बर्टशी?”

नॉर्बला भरून आलं. त्याने ताटातला सगळ्यात मोठा तुकडा मुकाट्याने कॅझिमिरपुढे सरकवला.

“पण तो पळाला तर मी टाळ्या वाजवणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.”

“नको वाजवूस. मी वाजवीन. तू फक्त शेजारी बस.”