कुंडलच्या माळावरची त्रेपन्न पाखरं

मुबश्शिराला आज किमान पन्नास पाखरं हवी होती. एक जरी कमी भरलं, तर कमिटी कुंडलच्या वरचा माळ पडीक ठरवणार आणि सोमवारपासून झाडं लावायला खड्डे सुरू. गवत उपटून झाडं लावायची! डोकं भादरायचं आणि वर टोपी वाटायची, तसलं पर्यावरण.

भोवत्या हा घारीसारखा शिकारी पक्षी. थंडीला परमुलखातनं येतो आणि दिवस मावळताना झोपायला झाडावर न्हाई, गवतात भुईवर उतरतो. कॉलेजवाली मुबश्शिरा दर साली मोजते. मी अजीम, पलूसचा पंक्चरवाला, शेजारी बसून मोजयंत्राचं बटण दाबत आकडा धरतो.

कमिटीचे साहेब साताऱ्याहून तीन गाड्या घेऊन आले. बरोबर शाल, हार, कर्णा.

"सर, आवाज आणि दिवे बंद करून आत बसा ना," मुबश्शिरा म्हणाली.

"आधी सत्कार उरकू. पक्षी काय पळून चाललेत?"

पळूनच चालले होते. कर्णा 'हॅलो हॅलो' म्हणाला की वरची घिरटी आणखी वर जायची.

तेवढ्यात बयाबाई मेंढरं घेऊन आली. हा माळ म्हणजे तिचं चराऊ रान. तिनं आभाळ बघितलं, मग साहेब बघितला.

"अजीम, ह्यो कवा गप बसतो रं?"

"रिटायर झाल्यावर, मावशी."

"तवर पाखरं थांबायची न्हाईत."

तिनं तोंडानं हाळी दिली. दीडशे मेंढरं गाड्यांना भिडली. एडक्यानं हार खाल्ला. साहेब गाडीत घुसले.

"आवं, दिवं मालवा! उजेड दिसला की एडका धडक देतोय," बयाबाई साफ खोटं बोलली.

दिवे गेले. कर्णा मेला. आणि पाखरं उतरू लागली.

सत्तेचाळीसवर थांबली. उजेड सरत आला. मुबश्शिराचे ओठ हलत होते. दुवा असेल, शिवी असेल. मग साहेबांच्या गाडीच्या टपावरनं, हात लांबवला तर लागतील अशी, सहा आली.

काच बोटभर खाली झाली. "मी बहात्तर मोजले. तेच लिहा, बातमीला बरं."

"त्यातले एकोणीस कावळे होते, सर."

तिनं त्रेपन्न लिहिलं. 'सहकार्य'पुढं बयाबाईचं नाव.

"आणि आम्ही?"

"तुमचा रकाना खाली आहे, सर. 'अडथळे'."

सोमवारी खड्डे खणायला कुणी आलं न्हाई. हाराची चौकशी मात्र चालू हाय.