टचिंग न केलेला फोटो

लेकीचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या कपाळावरचा डाग पुसत होतो. म्हणजे कॉम्प्युटरवर, टचिंग करताना. माझा फोटो स्टुडिओ आहे, पासपोर्टचे आणि ओळखपत्रांचे फोटो काढतो. माणूस आहे त्यापेक्षा थोडा बरा दिसला पाहिजे, एवढंच माझं शास्त्र.

"बाबा, माझं नाव शेवटच्या यादीत आलंय," ती म्हणाली.

नव्या फोटोग्राफरांसाठी एक पुरस्कार असतो, त्याबद्दल बोलत होती. लेकही फोटो काढते, पण माझ्यासारखे नाही. तिच्या फोटोत माणसं पाठमोरी असतात, नाहीतर अर्धी कापलेली. मी म्हणायचो, "तुझं गिऱ्हाईक पैसे परत मागेल." त्यावर तिची आई माझ्यावरच डोळे वटारायची.

या वेळचे फोटो तिच्या आईच्या आजारपणाचे होते. हिला जाऊन वर्षही झालेलं नाही.

संध्याकाळी लेक घरी आली. प्रत्येकाचा एक फोटो मोठा करून प्रदर्शनात लावणार होते, पण आजारी माणसाचा असेल तर घरच्या सगळ्यांची संमती हवी. तिनं निवडलेला फोटो पाहिला आणि मी नाही म्हणालो. हॉस्पिटलची खाट, नाकात नळी, डोक्यावर केस नाहीत.

"तुझी आई केस विंचरल्याशिवाय दारसुद्धा उघडत नव्हती. तिला चारचौघांत अशी टांगणार?"

"आईनंच काढ म्हटलं होतं."

"तिला तुला कधी नाही म्हणता आलं?"

लेक म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. हा नसेल तर मी नाव मागे घेते. याच्याशिवाय बाकीच्या फोटोंना काही अर्थ नाही."

रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "मला पाठवून ठेव. बघतो काय करता येतं."

सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं आणि कामाला बसलो. आधी नळी काढली. केस हिच्या जुन्या फोटोतून आणून बसवले. डोळ्यांखालचं काळं घालवलं. मग हात सवयीनं चालत राहिला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, ओठांजवळच्या रेघा, सगळं साफ. काम चोख झालं. खुर्ची मागे सरकवून पाहिलं तर समोर एक टापटीप बाई, कुणाचीच कुणी नसल्यासारखी.

काय बिघडलं ते कळेना, म्हणून शेजारी लेकीचा फोटो उघडला. त्यात ही हसत होती. नळीमुळे ओठ फारसे फाकले नव्हते. हसू होतं ते सगळं त्या सुरकुत्यांत, आणि त्याच मी पुसल्या होत्या.

ती का हसली तेही आठवलं. लेक कॅमेरा घेऊन उभी होती आणि मी खाटेच्या पायथ्याशी. सवयीनं तोंडातून गेलं, "हनुवटी थोडी खाली." हिनं माझ्याकडे पाहिलं. "अहो, मी काय गिऱ्हाईक आहे का?" आवाज पार खोल गेलेला, पण टोमणा तसाच. तेवढ्यात लेकीनं फोटो काढला. त्यात ही कॅमेऱ्याकडे बघतच नाही. माझ्याकडे बघते आहे.

लेक शटरखालून वाकून आत आली. दोन्ही फोटो समोरच होते. माझा तिनं बराच वेळ पाहिला.

"काम छान झालंय, बाबा."

"छान कसलं. गिऱ्हाईक करून ठेवलं मी तिला. तुझाच पाठव."

"नक्की? दाराएवढा मोठा लागणार आहे. नळीबिळी सगळं दिसेल."

"दिसू दे. पण आत्ता, माझ्यासमोर पाठव. दुपारपर्यंत थांबलीस तर मी परत पुसायला बसेन."

तिनं उभ्याउभ्याच पाठवला. पाठवल्यावर खाली बसली आणि ओढणीनं तोंड पुसलं. पुरस्काराचं अजून काही कळलेलं नाही. न मिळाला तरी प्रदर्शनाला मी जाणार आहे.

ती तशी बसलेली असतानाच बाहेर कुणीतरी शटर वाजवलं. मी ते पूर्ण वर केलं. पासपोर्टचा फोटो काढायला आलेले एक गृहस्थ ताटकळून उभे होते.

"आज उशीर केलात," ते म्हणाले.

"घरचं काम होतं," मी म्हणालो आणि दिवे लावले.